राजकन्येच्या आधीपासूनचं नाव

२ फेब्रुवारी

ताई,

नमस्काराच्या आधी तक्रार नोंदवून घे. नोंदी करणं हा तुझा धंदाच आहे. माझी खुर्ची गेली. सव्वीस वर्षं जिच्यात बसून मी एकूण एक मान्यवराची टोपी उडवली, ती हातवाली, उशीवाली, डाव्या अंगाला किंचित कललेली खुर्ची परवा शिपायाने उचलली आणि दरबारीच्या टेबलापाशी नेऊन ठेवली. दरबारी म्हणजे आमचा राजवाड्याचा वार्ताहर. राणीसाहेबांना सर्दी झाली तर हा रुमाल शोधतो. पण खुर्ची त्याच्यासाठीही नव्हती. त्याने राजघराण्याच्या वंशावळीचा एक जाणकार म्हातारा पकडून आणलाय, त्याच्या कंबरेसाठी. मला स्टूल दिलं. स्टुलावर बसून विनोद होत नाही, फक्त पाठ धरते.

कारण तुला ठाऊक आहेच. राजवाड्यात मुलगी झाली आणि नाव अजून जाहीर नाही. तोफा उडाल्या, तिकिटं छापली, मिठाया वाटल्या, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती अजून बिननावाची झोपलीये. कचेरीत पैजा लागल्यात. म्हातारा सांगतो की त्या घरात नवं नाव चालत नाही, जुन्याच पेटीतलं काढायचं, पणजीचं नाहीतर खापरपणजीचं. आम्ही सामान्य लोक मात्र पणजीच्या नावाची पोरगी घरात आली तर ते बदलून घेऊ.

म्हणून मला सदरासाठी मालमसाला हवाय. तुझ्या जन्मनोंदणीच्या खिडकीवर लोक हल्ली मुलींची काय काय नावं घेऊन येतात, आणि जुनी कुठली मेली, एवढं कळव. भाचीला आठवा लागला ना? तब्येत सांभाळ म्हणावं. भावजींना नमस्कार.

तुझा,
चिमट्या


९ फेब्रुवारी

चिमट्या,

पत्र मिळालं. पाठीला गरम पाण्याची पिशवी लाव. खुर्ची कललेली होती कारण तू कललेला बसतोस.

तुझी माहिती. गेल्या वर्षी आमच्या खिडकीवर सातशे बारा मुलींची नोंद झाली. त्यातल्या एकशे चाळीस नावांचा शेवट एकाच आवाजाने होतो. कुठल्याशा मालिकेतली नायिका तशी आहे म्हणे. मालिका संपली की हे नावही उतरेल, मग या पोरी शाळेत एका वर्गात नऊ नऊ जणी बसतील. एक बाप आला होता, त्याला जगात कुणाचंच नसेल असं नाव हवं होतं. त्याने ते स्वतः तयार केलं होतं. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं वाचलं. महिन्याने त्याची आई आली आणि मला हळूच विचारून गेली की नातीला हाक काय मारायची.

नवरा-बायको खिडकीशी येऊन भांडतात, तेही लिही हवं तर. मी शिक्का हातात धरून थांबते. माझं मत कुणी विचारत नाही, तेच बरं.

मेलेल्या नावांची यादी सोबत आहे. वीस आहेत. त्यातलं एक गेल्या बावीस वर्षांत एकदाही आलेलं नाही. ते का, हे मला विचारू नकोस.

लेकीचं ठीक आहे. माझी निवृत्ती एकतीस मेला. कागदपत्रं आतापासून सुरू झाली आहेत.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

उभी असशील तर बस. परवा सकाळी नाव जाहीर झालं. दरबारी फोन कानाला लावून उभा होता, त्याने ऐकलं आणि कागदावर लिहिलं, आणि कागद बघून मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. आपल्या आजीचं नाव! तुझं नाव! राजाच्या खापरपणजीचं तेच होतं म्हणे. कुठल्या कुठे असलेलं, धूळ खात पडलेलं आमच्या घरातलं नाव आज राजवाड्याच्या पाळण्यात.

मग काय, आली संधी, घेतली संधी. दुपारपर्यंत लेख ठोकून दिला. आमच्या घराने हे नाव कसं चार पिढ्या जपलं, माझी थोरली बहीण ते कसं ताठ मानेने मिरवते, जुन्या नावांना काय घडण असते, वगैरे. संपादकांनी पहिल्या पानावर घेतला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, ताई! लोकांचे फोन चाललेत. रेडिओवाले बोलावतायत. खुर्ची परत आली, उशी नवी.

एक गंमत सांगतो. माझ्या जुन्या सदरातली ती बाई आठवते ना? याच नावाची. भाबडी, चिक्कू, सगळीकडे उशिरा पोचणारी, पर्समध्ये साऱ्या जगाचं सामान घेऊन फिरणारी. अकरा वर्षं चालली. तिचं पुस्तक पुन्हा छापायला घेतलंय. तर काल राजवाड्याच्या चिटणिसांचा संपादकांना फोन. आवाज साखरेचा, पण मतलब असा की राजकन्येचं नाव अशा पात्राला शोभत नाही. चहा संपायच्या आत मी बाईचं नाव बदललं. साडेतीनशे जागी. अकरा वर्षांची बाई, एका फोनवर दुसरीच झाली.

आता काम. लेखाचा दुसरा भाग मागतायत, सोबत तुझा फोटो आणि तुझा जन्मदाखला. दाखला तर तुझ्या हाताखालीच आहे. परतीच्या टपालाने पाठव. राजकन्येच्या नावाची माझी ताई, आता तुझ्यापुढे अदबीने उभं राहायला हवं.

तुझा,
चिमट्या


२८ फेब्रुवारी

चिमट्या,

दाखला पाठवता येणार नाही. त्या नावाची बाई आता नाही.

मी नाव बदललं त्याला या जूनमध्ये एकोणीस वर्षं होतील. रीतसर अर्ज केला, राजपत्रात आलं. एका वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, ती तुझ्याच पेपरात दिली, कारण इथे तोच सगळे घेतात. पान सात. मला वाटलं होतं, तू बघशील आणि फोन करशील. आठवडाभर फोनपाशी होते. मग वाटलं, बघितलं असशील आणि काय बोलावं हे सुचलं नसेल. तुझ्या परवाच्या पत्रावरून कळलं की बघितलंच नव्हतंस.

तुझाही दोष नाही. तू मला ताई म्हणतोस, लेक आई म्हणते, हे ‘अगं’ म्हणतात. पाकिटावर तू ह्यांचं नाव लिहितोस. माझं नाव घरात कुणाला लागतंच कुठे? ते बाहेर लागायचं. कचेरीत टेबलावर पाटी होती. तुझी बाई गाजायला लागली तशी माणसं खिडकीशी येऊन पाटी वाचायची आणि एकमेकांना कोपर मारायची. पर्स उघडली की साहेब म्हणायचे, बघा आता छत्री निघते की पोळपाट. कुणी फाईल हरवली की त्याला माझ्या नावाने हाक मारायचे. मग मी पाटी खणात ठेवली. लेक बारा वर्षांची होती. शाळेत आईचं नाव सांगायची वेळ आली की ती उभी राहायची आणि गप्प बसायची. एकदा तिने घरी येऊन विचारलं, “आई, मामाने आपलंच नाव का घेतलं?” मी म्हटलं, ते माझ्या आजीचं आहे. ती म्हणाली, मग आजीऐवजी तू का रडतेस?

दुसऱ्या दिवशी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. नवं नाव दोन अक्षरी, साधं, कुणाच्या नजरेत न येणारं घेतलं.

त्यानंतरही तुझी बाई चार वर्षं चालली.

बावीस वर्षांत हे नाव कुणी आपल्या मुलीला दिलं नाही, ते का, हे आता तू लिही हवं तर. नाव जाहीर झाल्यापासून अकरा जणींना दिलंय. खिडकीशी रांग आहे. चिटणिसांनी फोन केला आणि तू चहा संपायच्या आत बदललंस, हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि रांग संपेपर्यंत शिक्के मारले.

ताई


९ मार्च

ताई,

हे पाचवं पत्र. आधीची चार विनोदी झाली म्हणून फाडली. हात तसाच वळतो, काय करू.

आमच्या तळघरात जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत. एकोणीस वर्षांपूर्वीचा जून काढला. सूचना सापडली. पान सात. वर माझं सदर, खाली चपलांच्या दुकानाची जाहिरात, मध्ये दोन बोटांची तुझी चौकट. माझं सदर मी त्या दिवशीही छापून आल्यावर वाचलं असणार, मी नेहमी वाचतो, दोनदा. शेवटच्या ओळीपासून तुझ्या नावापर्यंत अर्धा इंच अंतर आहे. मी तिथे थांबलो असणार आणि मिशीत हसून पान उलटलं असणार. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव काय, हे मला बावन्नाव्या वर्षी माझ्याच पेपरातून कळलं.

त्या दिवशीच्या सदरात बाई बसमध्ये चष्मा शोधते. तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलेला असतो आणि रुमाल सेफ्टी पिनेने टाचलेला. सगळ्यांना मी आजवर सांगत आलो की नाव आजीचं घेतलं, आजी जाऊन जमाना झाला, कुणाला काय लागणार? तुलाही तेच सांगितलं. पण आजीला चष्मा नव्हता, ताई. पर्सही नव्हती. बांगडीत अडकवलेला सेफ्टी पिनांचा झुबका कुणाचा, हे लिहिताना मला ठाऊक होतं. पहिलं सदर मी तुझ्याच घरी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. भावजी पोट धरून हसले. तूही हसलीस, आणि चहा टाकायला आत गेलीस. त्या चहाला फार वेळ लागला. मी तेव्हाही ओळखलं होतं. ओळखलं आणि पुढचं सदर लिहायला घेतलं, कारण पहिलं आवडल्याची अठ्ठेचाळीस पत्रं आली होती.

रेडिओवर जाऊन आलो, हेही सांगून टाकतो. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. ‘माझ्या बहिणीला या नावाचा केवढा अभिमान’, असं तिथे बोललो. निवेदिका गहिवरली.

पुस्तक थांबवलं. प्रकाशक चिडला, चिडू दे. आता मला वाटतं, पहिल्या पानावर माफी लिहावी. सगळं, जसंच्या तसं. संपादक नाही म्हणणार नाहीत. तू हो म्हण फक्त.

चिमट्या


३ एप्रिल

चिमट्या,

उशीर झाला. लेकीला एकवीस तारखेला मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी रजा काढून तिच्याकडे आले आहे. हे पत्र तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते आहे, बाळाचे कपडे बाजूला सारून.

माफी लिहू नकोस. तुला मी चांगली ओळखते. तू ती इतकी छान लिहिशील की लोक रडतील, अठ्ठेचाळीसच्या जागी चारशे पत्रं येतील, आणि पुन्हा माझ्याच नावावर तुझं एक सदर गाजेल. ते नको.

काय हवं ते सांगते. दवाखान्यातून घरी आल्यावर लेक म्हणाली की बाळाला माझं जुनं नाव द्यायचं, हे तिने लग्नाच्या आधीच ठरवलं होतं. राजवाड्यात कुणी जन्मायच्या आधी. आता लोक नक्कल म्हणतील, म्हणोत, ती म्हणाली. आई, तुझं नाव तुला परत देते. जावई मान हलवत होते. पोरीने वीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट. मी हो म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “नको गं. ते मलाच हवंय.”

मलाच माझं नवल वाटलं. पण खरं आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई नातीशी नावावरून भांडते आहे, हस हवं तर. सदतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली. निवृत्तीच्या कागदावर, निरोपाच्या दिवशी, माझं असावं असं मला वाटतं. लेक आधी रुसली, मग मला मिठी मारून म्हणाली, बरं, आम्ही दुसरं शोधतो.

अडचण अशी आहे. नाव जाहीर झाल्यापासून राज्यभरातून मोठ्या बायकांचे अर्ज आले की आम्हालाही राजकन्येचं नाव द्या. त्यावर वरून आदेश आलाय की असे अर्ज सरसकट परत करा. ज्याचं जन्मापासून तेच होतं, त्याचाच घ्या, आणि त्यालाही आईवडिलांचं नाहीतर सख्ख्या भावंडाचं निवेदन जोडा, जुनं नाव का सोडलं ते कारण लिहून. ‘वैयक्तिक’ आता चालत नाही. निवेदन खिडकीवर मोठ्याने वाचून दाखवायचं आणि देणाऱ्याने ते कबूल करायचं, असा नियम आहे. आपल्यात आता तसा तूच उरलास.

शिवाय वर्तमानपत्रात सूचना, आणि हरकतींसाठी तीस दिवस. एकतीस मेच्या आत बसायचं तर वीस एप्रिलच्या आत अर्ज पडायला हवा. माझी सहकारीण खिडकीवर असेल, नवी मुलगी आहे, पण नीटनेटकी. अर्ज सही करून तिच्याकडे पाठवला आहे. तुला जमणार नसेल तर तसं कळव, मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही एवढंच.

ताई


१७ एप्रिल

ताई,

काल जाऊन आलो. सकाळच्या गाडीने गेलो, दहाला खिडकी उघडली तेव्हा माझ्यापुढे अकरा जण होते, सगळ्यांकडे बाळं किंवा बाळांचे कागद. मी एकटाच टक्कल घेऊन उभा. तुझी खिडकी मी सदतीस वर्षांत कधी पाहिली नव्हती. कडेच्या लाकडाला तुझ्या कोपराची झीज आहे.

निवेदन घरून लिहून नेलं होतं. फार सजवलं नाही, तुझी शपथ. आधी दीड पान झालं होतं, ते पाच ओळींवर आणलं. त्या सहकारीण मुलीने वाचायला घेतलं. आवाज खणखणीत, तुझ्या हाताखाली तयार झालेला. ‘अर्जदार माझी थोरली बहीण आहे. तिचं जन्मापासूनचं नाव मी सव्वीस वर्षांपूर्वी लोकांना हसवण्यासाठी वापरलं. तिला विचारलं नाही. त्या नावावरून लोक तिला हसू लागले, म्हणून तिने ते सोडलं. नावात काही खोट नव्हती.’

माझ्या मागे एक तरुण बाप होता, खांद्यावर मुलगी. तो पुढे वाकला आणि मला विचारलं, म्हणजे त्या बाईवर लिहिणारे तुम्हीच का? त्याच्या घरी सगळे एका काकूला तेच नाव घेऊन चिडवायचे म्हणे, जेवताना घास अडकेपर्यंत हसायचे. माझा हात हातात घेऊन त्याने हलवला. मी विचारलं, काकू कुठे असतात? गेल्या, म्हणाला. मग त्याने आपल्या हातातला कागद उलटा धरला. त्याने पोरीसाठी तेच नाव आणलं होतं.

मला सव्वीस वर्षांत लोकांनी पुष्कळदा ओळखलंय, गाडीत, हॉटेलात, दवाखान्यात. आवडायचं ते. काल पहिल्यांदा मला खिडकीच्या फळीखाली शिरावंसं वाटलं.

मुलगी कागदावरून मान वर न करता म्हणाली, “अर्जदाराचं नाव सांगा.” नियम असेल. मी ‘ताई’ म्हणालो. ती वाट बघत राहिली. ताई, सदरात मी ते साडेतीनशे वेळा लिहिलंय, पण तुझं म्हणून तोंडाने कधी घेतलं नव्हतं. लहानपणी घेतलं तर आई पाठीत धपाटा घालायची, मोठ्या बहिणीला नावाने हाक मारतोस म्हणून. मी ते पूर्ण उच्चारलं. वडिलांच्या नावासकट. रांगेतल्या एका बाईला वाटलं मी नातीचं सांगतोय. ती म्हणाली, अजून एक राजकन्या. मी म्हटलं, नाही, ही अठ्ठावन्न वर्षांची आहे, हिचं आधीपासूनचं आहे.

“वाचून दाखवलं ते बरोबर आहे?” मुलीने विचारलं.

“बरोबर आहे,” म्हटलं. सही केली. तिने शिक्का मारला, दोनदा, कारण पहिला फिका उठला होता.

त्या निवेदनाची एक प्रत माझ्या संपादकांना दिली आहे, छापायला नव्हे. राजवाड्याच्या नावावरचा माझा दुसरा लेख येणार नाही याचं कारण त्यांनी लेखी मागितलं होतं. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि सदराला दोन आठवडे सुट्टी दिली. जास्त मागणार आहे.

सूचना सोमवारच्या अंकात येईल. तळमजल्यावर जाहिरातीच्या खिडकीवर रांगेत उभा राहून दिली आणि पैसे तिथेच भरले. तू त्यासाठी सहकारीण मुलीकडे पाठवलेलं पैशांचं पाकीट तिने न उघडता तुझ्या खणात ठेवलं आहे.

तुझा धाकटा भाऊ